जुन्या मोटारींच्या रॅली आणि पेण-रोह्याची वाट

जुन्या मोटारींची रॅली ही शर्यत नसते. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेगाने, वेळेत पोहोचायचे असते. लवकर आलेल्याचेही गुण कापले जातात. याच्याच जोडीला दुसरी परीक्षा चालते ती गाडीच्या अस्सलपणाची. इंजिन मूळचे आहे का, दिवे त्याच काळातले आहेत का, टपाचे कापड आणि बैठकीचे चामडे कारखान्यातून निघाले तसे आहे का, हे परीक्षक वाकून पाहतात. वयाची वर्गवारी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाने घालून दिली आहे. १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्या सर्वांत पुरातन, १९०५ ते १९१८ च्या ‘व्हेटरन’, १९१९ ते १९३० च्या ‘व्हिंटेज’, आणि त्यापुढे युद्धपूर्व व युद्धोत्तर गट. आपल्याकडे बोलताना सरसकट सगळ्याच व्हिंटेज ठरतात.

या प्रथेचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनला मोटारी निघाल्या, कारण यंत्रगाडीपुढे माणूस चालवत ठेवण्याची सक्ती नव्या कायद्याने उठली होती आणि ताशी १४ मैलांपर्यंत वेगाला मोकळीक मिळाली होती. १९२७ मध्ये त्या प्रवासाची आठवण म्हणून जुन्या गाड्या पुन्हा त्याच वाटेने नेण्यात आल्या. आजही तेथे १९०५ पूर्वीच्याच मोटारींना प्रवेश असतो.

मुंबईत मोटार आली ती एकोणिसावे शतक सरता सरता. जमशेटजी टाटा हे तिच्या पहिल्या भारतीय मालकांपैकी एक. १९०४ च्या अखेरीस दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी झाली. तेव्हा गाड्या नव्या होत्या आणि कसोटी रस्त्यांचीही होती. १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जुळणी कारखाना काढला, आणि शेव्हरोले हे नाव संस्थानिक नसलेल्या घरांतही पोहोचले.

कोकणाला मात्र मोटार सरळ रस्त्याने भेटली नाही. मुंबईहून पेणला जायचे तर आधी ठाणे, मुंब्रा, पनवेल असा वळसा घालावा लागे, कारण वाशीचा खाडीपूल १९७० च्या दशकात झाला. म्हणून बरेच प्रवासी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने धरमतरला उतरत आणि पुढे खासगी सर्व्हिस मोटारीने पेण, नागोठणे, महाड गाठत. पनवेल सोडल्यावर कर्नाळ्याची खिंड, खारपाड्याला पाताळगंगा, मग पेण, मग मिठागरांच्या आणि खाजणांच्या कडेने वडखळ. नागोठण्याला अंबा नदीवर सोळाव्या शतकातला अरुंद दगडी पूल आहे. तेथून एक फाटा भिसे खिंडीतून रोह्याला जातो, तर हमरस्ता सुकेळी खिंड चढून कोलाडला उतरतो, आणि कोलाडहूनही कुंडलिकेच्या अंगाने रोहे गाठता येते. रेल्वे रोह्यापर्यंत आली ती १९८६ मध्ये. तोवर रोह्याचा मुंबईशी संबंध बोटीवर आणि मोटारीवरच अवलंबून होता.

या वाटेवर जुन्या मोटारीला काय सोसावे लागे हे समजले, की रॅलीचे नियम असे का आहेत तेही कळते. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी तयार झालेल्या फोर्ड मॉडेल टीला पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी बैठकीखाली, पेट्रोल आपल्या वजनाने कार्बुरेटरकडे उतरायचे. चढ तीव्र असला आणि टाकी अर्धी रिकामी असली की ते पुढे पोहोचेना. मग चालक गाडी फिरवून उलट्या गिअरमध्ये चढ चढवत. त्या काळच्या अनेक गाड्यांत पाणी फिरवायलाही पंप नसे. तापलेले पाणी आपोआप वर चढते एवढ्यावरच इंजिन थंड राही, आणि गाडी हळू चालली की रेडिएटर उकळे. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे, नाहीतर दाते करकरत. म्हणूनच रॅली थंडीतल्या रविवारी, सकाळी, रस्ते मोकळे असताना निघते. वडखळ नाक्यावरची वाहनांची रांग अशा गाडीला खिंडीच्या चढापेक्षा अधिक घातक असते.

भारतात जुन्या मोटारी इतक्या मोठ्या संख्येने टिकल्या याचे श्रेय राजवाड्यांना देण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे आहे. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक आजही शाही दसऱ्याला दिमाखात बाहेर पडते, आणि तो मान तिला शोभतो. पण उरलेल्या हजारो गाड्या टिकल्या त्या टंचाईमुळे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले, की जे कारखाने सुटे भाग इथे बनवणार नाहीत त्यांनी नुसती जुळणी करत राहू नये. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात राहिली. नवी गाडी मिळेना, आयात परवडेना, तेव्हा आहे ती चालवत राहणे भाग पडले.

ती चालवत ठेवली मिस्त्रींनी. भाग मिळत नसे तेव्हा लेथवर दट्ट्या आणि बुश कातून घेतले जात. खारी हवा पत्रा खाई, तेव्हा पत्रा हाताने ठोकून नवा बसवत. विलायती गाड्यांच्या बॉडीतली लाकडी चौकट किडली की तिच्या जागी सागवान येई. या कारागिरांची नावे रॅलीच्या पुस्तिकेत क्वचितच छापली जातात. ही खरोखर अन्यायाची गोष्ट आहे, कारण त्यांच्यावाचून परीक्षकांसमोर उभी करायला गाडीच नसती.

रॅली ही रीत भारतात रुजली १९६४ पासून, दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या पुढाकाराने. त्याच सुमारास परदेशी दलाल संस्थानी गाड्या स्वस्तात उचलून नेत होते. पुढे सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले, आणि १९५० पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर जाणे जवळजवळ थांबले. मुंबईत १९८५ मध्ये व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. त्याच्या रॅलीसाठी हॉर्निमन सर्कलभोवती मोटारी उभ्या राहू लागल्या आणि घरची मंडळी जुन्या पेहरावात त्यांत बसू लागली. २००८ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कार्तिएने भरवलेल्या स्पर्धेने परीक्षणाची पातळी उंचावली. मात्र तिच्यामुळे चकचकीत रंगाला आणि क्रोमला अवाजवी महत्त्वही आले. गाडी ट्रेलरवरून आणून हिरवळीवर ठेवणे आणि ती स्वतःच्या चाकांवर शंभर किलोमीटर नेणे, यांत दुसऱ्याचे मोल अधिक मानले पाहिजे.

कायद्याने या गाड्यांना वेगळे स्थान दिले ते १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. नोंदणी १० वर्षांची, शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई आहे.

या पन्नास वर्षांच्या अटीमुळे आता केवळ रोल्स-रॉईस आणि पॅकार्डच नव्हे, तर १९७४ मध्ये ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव घेऊन निघालेल्या पहिल्या वर्षाच्या गाड्या, त्याआधीच्या फियाट, अँबेसेडर, जीप, लँब्रेटा आणि जावाही या वर्गात आल्या आहेत. तालुक्याच्या गावातल्या पडवीत ताडपत्रीखाली असते ती अशीच गाडी. तिच्या मालकाला २०,००० रुपये हा मोठा अडसर आहे, कारण स्कूटरला आणि लिमोझीनला शुल्क सारखेच आहे.