मोहिमेचे सामान कोणी घ्यायचे? शिलेदार, बारगीर आणि भातवडी

१/ पावसाळा सरला की अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग-मदन-कुलंगच्या वाटा गजबजतात. त्याआधी सॅक, बूट, दोर, तंबू यांची खरेदी होते आणि दोन प्रश्न उभे राहतात: पैसे कोणाचे, आणि ओझे किती? याच अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात या प्रश्नांचा इतिहास चारशे वर्षे मागे जातो.

२/ दख्खनच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. ज्याला घोडा सरकारातून अथवा सरदाराकडून मिळे तो बारगीर.

३/ शिलेदाराची यादी लांबलचक असे. घोडा हा सर्वांत मोठा खर्च. त्यावर खोगीर, लगाम, रिकिबी, दाण्याचा तोबरा, घोडा बांधण्याच्या अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या आणि मेखा; स्वतःसाठी भाला, तलवार, ढाल, घोंगडी. खोगिरात कोंबायच्या चिंध्या-गवतावरून आलेला ‘खोगीरभरती’ हा शब्द आजही निरुपयोगी भरण्याला आपण वापरतो.

४/ खरा पेच खरेदीनंतरचा. लढाईत घोडा मेला तर शिलेदाराचे भांडवलच बुडे. त्यामुळे घोडा जपून लढण्याचा मोह त्याला स्वाभाविक होता. बारगिराला ही धास्ती नव्हती; पण घोडा त्याचा नसल्याने चाकरी सुटताच तो पायउतार होई.

५/ दुसरा प्रश्न ओझ्याचा. ‘आइन-इ-अकबरी’नुसार अकबराची एक बादशाही छावणी हलवायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत. सर्वच मोगली फौजांचा पसारा एवढा नसे. मात्र तंबू, तोफा आणि बाजार बरोबर नेण्याची रीत तीच होती.

६/ निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने याच्या उलट वाट धरली. मराठा स्वारांचे हलके घोडदळ, थोडके सामान, रसद तोडणे, रात्रीचे छापे. शत्रूचे ओझे हेच त्याचे हत्यार झाले.

७/ १६२४ साली नगरजवळच्या भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजा त्याच्यासमोर होत्या. अंबरने तलावाचे पाणी सोडून त्यांच्या छावणीभोवती चिखल केला. अवजड फौज रुतली, दाणागोटा संपत आला, शिपाई फुटू लागले. शेवटी अंबरचा विजय झाला. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. अंबरच्या बाजूने लढणाऱ्या शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच रणात पडले.

८/ पुढे शिवाजी महाराजांनी दोन्ही प्रश्नांना शिस्तीने उत्तर दिले. सभासद बखरीनुसार सरकारी घोड्यांची पागा बळकट करून शिलेदार तिच्या हुकमतीखाली ठेवले गेले. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाणी आणि नाल यांची सोय आधीच ठरलेली.

९/ दसऱ्याला फौज निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी होई आणि परतल्यावर ती ताडून पाहिली जाई. जादा निघालेला ऐवज हिशेबात धरला जाई. बायका, बटकी, कलावंतिणी बरोबर नेण्यास मनाई होती. ओझे कमी आणि लुटीवर नजर, अशी ही दुहेरी व्यवस्था.

१०/ शिलेदारी इंग्रजांनीही उचलली. स्वार भरती होताना ‘असामी’ म्हणून रक्कम भरी, त्यातून घोडा आणि सरंजाम येई, बंदूक सरकारची. कंपनीला घोडदळ स्वस्तात मिळाले. १८१७ च्या पुणे तहातून उभे राहिलेले पूना हॉर्स याच परंपरेतले.

११/ १९१४ साली ही घोडदळे फ्रान्सच्या आघाडीवर गेली आणि हिशेब कोलमडला. समुद्रापार घोडे रोज मरत असताना शिपायाने बदली घोडा घ्यायचा कोठून? महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत मोडीत निघाली. नुकसान सोसण्याची जबाबदारी अखेर सरकारवर आली.

१२/ आज चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरलाच आहे. १९७१ साली युद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल तेथे शिकत होते. तेथूनच ते रेजिमेंटमध्ये रुजू झाले. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटला असतानाही त्यांनी तो सोडला नाही. वय अवघे २१. मरणोत्तर परमवीर चक्र.

१३/ रणगाडा सरकारचा होता. तो जळाला असता तर त्यांच्या पदरचा एक रुपयाही गेला नसता. सामान कोणाचे, यावर फौजांची रचना ठरते. माणूस किती झुंजेल, हे मात्र त्या हिशेबात कधीच पूर्ण बसले नाही.