दहावीनंतर काय? शाखा निवडण्यापूर्वी विषय आणि दाखले तपासा

दहावीचा निकाल दुपारी संकेतस्थळावर झळकतो आणि संध्याकाळपर्यंत घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : किती टक्के पडले? त्यापाठोपाठ शाखा ठरते. नव्वदीच्या पुढे असतील तर विज्ञान, सत्तर-ऐंशीच्या घरात असतील तर वाणिज्य आणि त्याहून कमी असतील तर कला किंवा 'आयटीआय' ही वाटणी कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेली नाही. तरीही शहरी मध्यमवर्गाने ती वर्षानुवर्षे नियमासारखी पाळली आहे. प्रत्यक्षात बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांच्या पात्रतेच्या अटी वाचल्या, तर त्यात शाखेच्या नावापेक्षा विषयांची चौकशी अधिक असते. बारावीला गणित होते का, जीवशास्त्र होते का, त्यात किती गुण मिळाले, हे पाहिले जाते. विषयांखालोखाल पाहिले जातात ते दाखले. या दोन्ही गोष्टींचा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी, अकरावीचा अर्ज भरण्याच्या धांदलीत होऊन जातो. त्याची किंमत मात्र दोन वर्षांनी कळते.

गणित सोडताना

विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या जोडीला गणित, जीवशास्त्र किंवा दोन्ही घेता येतात. मुलाला डॉक्टर करायचे ठरले, की घरातले पहिले मत पडते ते गणित सोडण्याच्या बाजूने. 'नीट'च्या अभ्यासाला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. तो चुकीचा म्हणता येणार नाही, परंतु आकडेही डोळ्यांसमोर असावेत. २०२४ मध्ये 'नीट'ला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. 'एमबीबीएस'च्या जागा त्या वर्षी सर्व सरकारी व खासगी महाविद्यालये मिळून एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे ही परीक्षा देणाऱ्या बहुसंख्य मुलांना दुसरी वाट शोधावी लागते, हे आधीच ठाऊक असलेले सत्य आहे.

गणित नसलेल्या विद्यार्थ्याला औषधनिर्माणशास्त्र, कृषी, परिचर्या, फिजिओथेरपी आणि जीवशास्त्राशी संबंधित 'बी.एस्सी.' हे पर्याय खुले राहतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठांच्या पदवीसाठी राज्याची 'सीईटी' गणित गटातून देता येते, तशी जीवशास्त्र गटातूनही देता येते. बंद होणाऱ्या वाटा अधिक ठळक आहेत. अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य आहे. आर्किटेक्चरलाही गणित लागते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत लष्करासाठी कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण चालतो, परंतु नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवेच. हा पर्याय आता मुलींनाही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला.

दोन्ही विषय घ्यावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकायला सोपा आणि निभावायला जड आहे. चार अवघड विषय, त्यांची प्रात्यक्षिके आणि शिवाय शिकवणी हे ओझे प्रत्येकाला पेलत नाही. ज्या विद्यार्थ्याला दहावीत बीजगणिताची धास्ती नव्हती, त्याने निदान अकरावीचे पहिले सत्र दोन्ही विषय ठेवून पाहायला हरकत नाही. ज्याला होती, त्याने केवळ पर्याय उघडे ठेवण्यासाठी दोन वर्षे झिजण्यात शहाणपण नाही.

उलट दिशेचा निर्णयही विचार करूनच घ्यावा लागतो. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा दोनशे गुणांचा द्विलक्षी विषय घेतला, की दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सुटते. टक्केवारी वाढते म्हणून हा विषय लोकप्रिय आहे. जीवशास्त्र सुटलेल्यांसाठी आता एक आडवाट निघाली आहे. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केल्यास 'नीट'ला बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. ही सोय चांगलीच आहे, मात्र तिच्या भरवशावर अकरावीचे विषय ठरवू नयेत.

वाणिज्य शाखेतील चूक याहून शांतपणे होते. तेथे गणित किंवा सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत 'एसपी', यांपैकी एक घ्यायचे असते. गुण सहज मिळतात म्हणून मोठ्या संख्येने 'एसपी' घेतले जाते. याच विद्यार्थ्यांतील कित्येकांचे स्वप्न 'सीए'चे असते आणि 'सीए फाउंडेशन'मध्ये व्यावसायिक गणित, तर्क व संख्याशास्त्राची शंभर गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. नियमाने 'एसपी'वाल्याला फाउंडेशन देता येते, पण दोन वर्षांचा खंड भरून काढताना दमछाक होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची 'बी.स्टॅट.' किंवा दिल्ली विद्यापीठाची अर्थशास्त्रातील ऑनर्स पदवी घ्यायची असेल, तर बारावीला गणित नसणाऱ्याला प्रवेशच नाही.

कला शाखेविषयीचे गैरसमज जुने आहेत. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते, पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या 'सीईटी'ला शाखेची अट नाही आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची दारेही सर्व शाखांना खुली आहेत.

डिप्लोमा आणि 'आयटीआय'

ज्याला अभियांत्रिकीच करायची आहे, त्याने अकरावी-बारावी करायलाच हवी असे नाही. दहावीच्या गुणांवर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो आणि त्यानंतर पदवी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. या प्रवेशासाठी 'सीईटी' नाही, डिप्लोमाचे गुण धरले जातात. खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के गुण लागतात. बारावीमार्गे पदवीला सहा वर्षे लागतात, डिप्लोमामार्गेही सहाच. फरक इतकाच, की तीन वर्षांनंतर काही कारणाने शिक्षण थांबले तर हाती नोकरीयोग्य प्रमाणपत्र असते. ज्या घरात उत्पन्नाची शाश्वती नाही, तेथे हा मुद्दा लहान नाही.

'आयटीआय'कडे मात्र आजही नापासांची जागा म्हणून पाहिले जाते. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला दहावी उत्तीर्ण विद्यार्थी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात आणि तेथून पुढे पदवीपर्यंत जाऊ शकतो. वाट लांबची आहे, पण तुटलेली नाही. डिप्लोमाची एक मर्यादाही सांगायला हवी. तो करणाऱ्याला बारावी न करता 'नीट' देता येत नाही. वैद्यकीय शिक्षणाचा विचार मनात असेल, तर तंत्रनिकेतनाचा अर्ज भरू नये.

कोटा शहर आणि राज्याचा कोटा

लातूर पॅटर्नची ख्याती असूनही महाराष्ट्रातील अनेक पालक मुलांना अकरावीपासून राजस्थानातील कोटा येथे पाठवतात. शिकवणी तेथे आणि नावापुरता प्रवेशही तेथल्याच एखाद्या शाळेत. पुढे राज्यातील वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी हाच प्रवेश आडवा येतो. महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात आणि त्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असण्याची अट आहे. बदलीवर असलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडले, तर बाहेरून बारावी करणाऱ्यापुढे प्रामुख्याने अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागाच उरतात. लाखो रुपये शुल्क भरून कोट्याला जायचे आणि घरचा कोटा गमवायचा, असा हा व्यवहार आहे. शिकवणी वर्गाच्या रंगीत माहितीपत्रकात ही ओळ सापडत नाही.

अभियांत्रिकीचे नियम तुलनेने सैल आहेत. आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्रातील अधिवास असेल, तर बाहेरून बारावी झालेल्यालाही राज्याचा उमेदवार मानले जाते. सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र गट आहे. बेळगाव-निपाणीकडच्या पालकांना तो बहुधा ठाऊक असतो. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या नातेवाइकांना तो बऱ्याचदा नसतो.

दाखल्यांची तयारी

प्रवेशाच्या हंगामात तहसील कार्यालये आणि सेतू केंद्रांपुढच्या रांगा दरवर्षी दिसतात. यातील अधिवास आणि उत्पन्नाचे दाखले तुलनेने लवकर मिळतात. खरी अडचण जात वैधता प्रमाणपत्राची असते. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जिल्हा जात पडताळणी समितीकडून त्याची वैधता लागते. अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी महाविद्यालयामार्फत अर्ज करता येतो. हा अर्ज अकरावीतच करावा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नये.

वेळ लागतो तो पुराव्यांना. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा, जात आणि वास्तव्य दाखवणारा कागद मागितला जातो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या नोंदवहीचा उतारा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील म्हणजे गाव नमुना चौदामधील नोंद असे हे कागद असतात. शहरात जन्मलेल्या मुलाच्या वडिलांना त्यासाठी गावी दोन-तीन खेपा घालाव्या लागतात. आजोबांची शाळा बंद पडलेली असते किंवा नोंदीत आडनाव वेगळे असते. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता आधी झाली असेल, तर काम पुष्कळ सोपे होते. म्हणून काका-चुलत भावंडांकडे चौकशी पहिल्यांदा करावी.

इतर मागासवर्गीयांना याशिवाय नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र लागते. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेशासाठी पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेले प्रमाणपत्र मागितले जाते. फेब्रुवारीत हौसेने काढून ठेवलेले प्रमाणपत्र जुलैमध्ये निरुपयोगी ठरू शकते, ते असे. सरकारने काही वर्षी दाखल्यांसाठी मुदतवाढ दिली आहे, पण ती मिळेलच असे गृहीत धरता येत नाही.

शुल्काचा प्रश्न

शुल्काच्या सवलती बहुतांशी केंद्रीय प्रवेश फेरीशी, म्हणजे 'कॅप'शी बांधलेल्या आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. मात्र व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश तिच्यात बसत नाही आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित व अभिमत विद्यापीठेही तिच्याबाहेर आहेत. 'आताच जागा अडवा' म्हणून मे महिन्यात गळ घालणाऱ्या संस्थेत पैसे भरण्यापूर्वी हे तपासावे.

नियम बदलतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. 'बीबीए', 'बीसीए' आणि 'बीएमएस'ला पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. २०२४ मध्ये त्यांना 'सीईटी' लागू झाली आणि ती न दिलेल्यांची संख्या इतकी होती, की अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. थोरल्या भावाचा अनुभव तीन वर्षांत जुना होतो.

अकरावीचा अर्ज

दहावीत एक-दोन विषय राहिले तरी 'एटीकेटी'ने अकरावीत बसता येते आणि पुरवणी परीक्षेमुळे वर्ष वाया जात नाही. कल चाचणीचा उपयोग मुलाची आवड आणि कुवत यांच्याविषयी घरात बोलणे सुरू होण्यापुरता करावा. सरकारने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी चाचणी सुरू केली होती, पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था त्या स्वतंत्रपणे घेत आल्या आहेत. चाचणीच्या निष्कर्षात विषय सुचवलेला असला, तरी तो जवळच्या महाविद्यालयात शिकवला जातो की नाही, याची चौकशी पालकांनाच करावी लागते.

मुंबई महानगर क्षेत्रात २००९ मध्ये सुरू झालेली अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाली. अर्जात महाविद्यालयांचे पसंतीक्रम द्यावे लागतात आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होतो. त्यामुळे नावलौकिक ऐकून पहिल्या क्रमांकावर लिहिलेल्या महाविद्यालयात हवे ते विषय आणि हव्या त्या माध्यमाची तुकडी आहे का, हे अर्ज निश्चित करण्यापूर्वी तेथील कार्यालयात जाऊन विचारलेले बरे.