हजेरीपटावरील नाव

निजामाच्या अमदानीत परभणी जिल्ह्याचा कारभार ज्या दफ्तरांतून चाले, त्यांत आबकारीचे दफ्तर मोठ्या वजनाचे होते. कारण ताडी, शिंदी आणि मोहाची दारू यांपासून सरकारी खजिन्यात पडणारी रक्कम ही हैदराबाद राज्याच्या महसुलातील एक प्रमुख बाब होती, आणि गावोगावच्या दुकानांचा मक्ता गुत्तेदारांच्या हाती असे. त्याच गावांत मारुतीच्या देवळाच्या आश्रयाने तालीम उभी असे, आणि तिच्या उंबरठ्याच्या आत दारूचे नाव काढण्याची कोणाची प्राज्ञा नसे. सरकार ज्या गोष्टीवर महसूल घेई, तीच गोष्ट गावाच्या तालमीत निषिद्ध मानली जाई. खेळाडू आणि व्यसन यांच्या संबंधाचा आपल्याकडील इतिहास लिहावयाचा झाला, तर तो गुत्ता आणि तालीम यांच्यामधल्या या चार पावलांच्या वाटेपासूनच सुरू करावा लागतो. कारण त्या वाटेवरून एखादा पोर उलट दिशेने चालू लागला म्हणजे त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्या क्रीडासंस्थांनी अजून मनापासून हाती घेतलेला नाही.

तालमीची व्यवस्था एका परीने फार शहाणपणाची होती. तेल, ताक, हळद आणि कापूर घालून मळलेल्या लाल मातीच्या हौद्यात पहाटे पोरे उतरत, तेव्हा वस्ताद काठावर बसून काही न बोलता पाहत असे. कोणाचे जोर कितव्या फेरीला ढिले पडले, कोणाचा दम नेहमीपेक्षा लौकर तुटला, कोण रात्री झोपला नाही, कोणाच्या घामाला निराळा दर्प आहे, हे त्याला विचारावे लागत नसे. घरच्या दुभत्यातून आणि गावच्या वर्गणीतून पहिलवानाचा खुराक चाले; जत्रेत त्याने मारलेली कुस्ती ही साऱ्या गावाची कुस्ती असे. एवढ्या बारकाईने माणसाच्या देहावर लक्ष ठेवणारी दुसरी संस्था त्या काळच्या ग्रामजीवनात मला दिसत नाही.

परंतु या सूक्ष्म दृष्टीला जोडून जो उपाय होता, तो मात्र एकच होता. ज्याचे पाऊल वाकडे पडले त्याची तालीम बंद. खुराक थांबे, हौद्यात उतरण्याची मनाई होई, आणि ज्या गावाने काल त्याला खांद्यावर घेऊन मिरवले त्याच गावात तो तोंड चुकवून हिंडू लागे. वस्तादाचा यात दुष्टावा नव्हता. उरलेली पोरे सांभाळण्याची त्याची ती रीत होती. तरी ज्या माणसाला त्या वेळी तालमीची सर्वांत अधिक गरज होती, त्यालाच ती बंद होत असे, आणि गुत्त्याचे दार तर कोणाला कधीच बंद नव्हते.

पुढे १९४७-४८ चे वर्ष आले. रझाकारांनी मराठवाड्याच्या गावांत घातलेला धुमाकूळ, त्यापायी घरदार सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेलेली कुटुंबे, १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू होऊन १७ सप्टेंबरला संपलेली पोलीस कारवाई, आणि तिच्या पाठोपाठ निरपराध मुसलमान वस्त्यांवर अनेक ठिकाणी उगवलेला सूड, हे सारे ज्या पिढीने लहान वयात पाहिले, तीच पिढी पुढल्या दहा वर्षांत आखाड्यांत आणि मैदानांत उतरली. मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपण अभिमानाने लिहिला आणि तो तसा लिहिलाही पाहिजे. पण दहा वर्षांच्या मुलाने जळताना पाहिलेले घर त्याच्या झोपेत किती वर्षे जळत राहिले असेल, याला त्या इतिहासात रकाना नाही.

या उलथापालथीनंतर अवघ्या दोन वर्षांनी, ज्या हैदराबादच्या अमलाखाली परभणी अजून होती, त्या शहरातील एक फुटबॉल संघ मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकून गेला. आणि एकदाच नव्हे, तर १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे त्याने तो कोणाच्या हाती लागू दिला नाही. हा हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ होता, आणि त्याचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर होते. पुढे १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक आणि १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारा भारतीय संघ त्यांच्याच हाताखाली तयार झाला. रहीमसाहेबांच्या डावपेचांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांची एक साधी योजना अधिक मोलाची वाटते. खेळाडूंनी केवळ आपल्या दुबळ्या पायाने खेळावयाचे, अशा स्पर्धा ते भरवीत. उजव्या पायाचा खेळाडू सगळा सामना डाव्याने खेळे, चुके, हसे होई, पुन्हा खेळे. सर्वांचीच दुबळी बाजू एकाच मैदानावर उघडी पडत असल्यामुळे ती कोणाला लपवावी लागत नसे, आणि ज्याची लाज उरली नाही त्याची दुरुस्ती होऊ शके. तालमीने दुबळेपणा उंबरठ्याबाहेर ठेवला. या मास्तराने तो सरावाच्या वेळापत्रकात घातला.

शिवाय त्या खेळाडूंची नावे पोलीस खात्याच्या हजेरीपटावर होती. पगार तुटपुंजाच असेल, पण गोल चुकला म्हणून किंवा ताप आला म्हणून तो बुडत नसे. आजारपणाची रजा होती, सरकारी दवाखाना होता, आणि खेळ संपल्यावरही नोकरी उरत असे. रोव्हर्सच्या त्या पाच चषकांचे श्रेय देताना या रूक्ष कारकुनी सोयीचाही त्यात वाटा धरावयास हवा. मात्र पटावर नाव असले म्हणजे सारे साधले, असेही नाही. हेलसिंकीत १९५२ साली कांस्यपदक आणणाऱ्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी पोलीस खात्यात पंचवीसहून अधिक वर्षे चाकरी केली, आणि तरीही निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. खुद्द रहीमसाहेबांना सिगारेटची विलक्षण सवय होती. जाकार्ताहून सुवर्णपदक घेऊन परतल्याला वर्ष होण्याच्या आत, ११ जून १९६३ रोजी, ते कर्करोगाने गेले. शेकडो पोरांचे दुबळे पाय सावरणाऱ्या त्या माणसाचा दुबळा भाग सावरावयास कोणी नव्हते, ही गोष्ट मला आजही चुटपूट लावते.

इतरत्रही हाच इतिहास निराळ्या नावांनी घडला. ब्राझीलला १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक मिळवून देणारा गारिंचा दारूने पोखरला जाऊन १९८३ साली एकोणपन्नासाव्या वर्षी मेला. इंग्लंडातील आर्सेनल क्लबचा कर्णधार टोनी ॲडम्स १९९० साली दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल तुरुंगात गेला; सुटून आला तो पुन्हा कर्णधार म्हणून खेळू लागला, चषक जिंकू लागला, आणि आपण व्यसनी आहोत हे त्याने उघडपणे सांगितले ते १९९६ साली. मधली सहा वर्षे संघ जिंकत होता, एवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते. पुढे बरा होऊन त्याने २००० साली खेळाडूंसाठीच एक उपचारसंस्था स्थापन केली. डेली अली या तरुण खेळाडूने २०२३ साली बालपणी आपल्यावर झालेल्या अत्याचारांविषयी आणि झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेल्याविषयी सांगितले, तेव्हा तो सहा आठवडे उपचार घेऊन परतला होता, आणि त्या काळात एव्हर्टन क्लबने त्याची साथ सोडली नव्हती. या गोळ्यांची सवय फुटबॉलपटूंत लोकांना वाटते त्याहून अधिक पसरली आहे, असेही त्याने सांगितले.

आपल्याकडे विनोद कांबळींनी १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके काढली, आणि सतरा कसोटींत चौपन्नची सरासरी असताना तेविसाव्या वर्षी त्यांचे कसोटी क्रिकेट संपले. आपल्या मद्यपानाविषयी ते स्वतः उघडपणे बोलले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर, गुरुवर्य आचरेकरांच्या स्मारकाच्या समारंभात, त्यांची थकलेली मूर्ती पाहून महाराष्ट्र हळहळला, आणि १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील खेळाडू मदतीस पुढे आले. त्या मदतीचे मोल मी कमी लेखत नाही; परंतु हा हात तीस वर्षांपूर्वी, मैदानावरच, पुढे यावयास हवा होता.

महाराष्ट्रात त्यासाठी ज्ञानाचा तुटवडाही नव्हता. गर्दने पुण्या-मुंबईची तरुण पोरे गिळावयास आरंभ केला तेव्हा अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे केले, आणि त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या दानाचा आधार मिळाला. व्यसन हा आजार आहे, तो पुन्हा उलटू शकतो, आणि उलटला तरी माणसासाठी दार उघडेच ठेवावयाचे असते, हे तेथे मराठीतून, रोजच्या व्यवहारातून सिद्ध झाले. हे शहाणपण मुक्तांगणापासून क्रीडामंडळांच्या कचेऱ्यांपर्यंत मात्र पोहोचले नाही.

आज कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमी फुटबॉलचे संघ चालवतात; हौद्यातून निघालेली संस्था चेंडूमागे धावू लागली, हे आपल्या खेळाच्या इतिहासातील मोठे सुंदर स्थित्यंतर आहे. परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू या भागातील मंडळांत जी पोरे येतात, त्यांतल्या कित्येकांच्या घरांवर नापिकी आणि कर्ज यांची छाया आहे, आणि काहींच्या बापांनी त्यापायी जीव दिलेला आहे. अशा पोराचा पाय मैदानावर जड पडू लागला, तर त्याला संघातून काढणे सर्वांत सोपे आणि सर्वांत चुकीचे होय. वस्तादाची ती पहाटेची नजर आपण अवश्य राखावी. पण संघ निवडणारा आणि मन ऐकणारा, ही दोन माणसे वेगळी असावीत, कारण ज्याच्या हाती उद्याची निवड आहे, त्याला कोणताही खेळाडू आपले खरे दुखणे सांगत नाही.

आपली बहुतेक मंडळे धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी नोंदलेली असतात, आणि सभासदत्व कधी रद्द होईल याची कलमे त्यांच्या घटनेत आवर्जून घातलेली आढळतात. त्यांच्याच शेजारी आणखी एक कलम घालावे: व्यसनाच्या किंवा मानसिक आघाताच्या उपचारासाठी गेलेल्या खेळाडूचे नाव पटावरून कमी करू नये, त्याचे मानधन आणि खुराक चालू ठेवावा, त्याच्या आजाराची वाच्यता कार्यकारिणीबाहेर करू नये, तो दुसऱ्यांदा घसरला तरी हीच तरतूद लागू राहावी, आणि परतल्यावर सरावास केव्हा उतरावयाचे, हे त्याने व त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे. पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घेण्यास कोणत्याही मंडळाला सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.