मुसल्ला म्हणजे कोणता मासा?

श्रोतेहो, सायखेड्याच्या पुलाखाली गोदावरीचं पाणी ओसरलं की भोई जाळी घेऊन उतरतात. जाळ्यातला मासा कुठला, असं विचारा. भोई लागलीच नाव सांगेल. विद्वानांना मात्र एका माशाची ओळख पटायला पावणेदोनशे वर्षं लागली. त्याचीच ही हकीकत.

पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने 1824 साली विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे दख्खनच्या पाहणीचं काम दिलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हा त्याचा मुलूख. नाशिक हा वेगळा जिल्हा झाला तो पुढे, 1869 साली. जमीन, पिकं, माणसं यांची मोजदाद करता करता हा गृहस्थ पक्षी आणि मासेही गोळा करी. 1839 साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात त्याचं माशांवरचं टिपण छापून आलं. त्यात त्याने एक शहाणपण केलं. शास्त्रीय नावांत त्याने इथलेच शब्द घातले. आपला मळ्या, आपली शिंगटी आजही जगभरच्या ग्रंथांत थोड्या वाकड्या उच्चाराने नांदत आहेत! पुढे कुणी अभ्यासक आला तर त्याने गावात नाव विचारून मासा मिळवावा, हा हेतू.

त्याच यादीत ‘खुद्री’ आणि ‘मुसल्ला’ होते. खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर. मुसल्लाचं वर्णन मात्र त्रोटक होतं, आणि तिथेच घोळ झाला. दूर दक्षिणेत, कावेरीच्या खोऱ्यात, पाठीला उंचवटा असलेला प्रचंड महाशीर मिळे. 1946 साली कबिनी नदीत असा 120 पौंडांचा मासा गळाला लागला होता. त्याच दशकात प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या माशाला साइक्सचा मुसल्ला ठरवलं. मोठ्या माणसाने म्हटलं, की पुढचे तेच उतरून घेतात.

2013 च्या सुमारास अभ्यासकांनी साइक्सचं मूळ वर्णन पुन्हा बारकाईने तपासलं. तेव्हा मुसल्ला हा महाशीरच नव्हे, तो निराळ्याच कुळीतला, असं दिसून आलं. मग कावेरीचा तो राक्षस कोण? 2018 साली उत्तर मिळालं: केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून ज्या जातीचं आधीच बारसं झालं होतं, तीच ही.

तोवर बराच उशीर झाला होता. महाशीर तो महाशीर, अशा समजुतीने लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात वाढवलेली खुद्रीची पिल्लं 1970 नंतर कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण पाहुणा माजला आणि घरधनी घटला. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी यांचाही वाटा आहेच. आज तो कुबडा महाशीर नाहीसा होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

गुरुजनहो, सायखेड्यापासून नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत नदी तुमच्या दारात आहे. मुलांना माशाच्या मिशा आणि कडेच्या रेघेवरचे खवले मोजायला लावा. महाशीरला मिशांच्या 2 जोड्या; खवले मोठे, रेघेवर साधारण 25. आणि भोयाने सांगितलेलं नाव त्याच्या उच्चारात, बाळबोध अक्षरांत लिहून घ्या. साइक्सने ऐकलेला शब्द ‘मुसळा’ की ‘मसळा’, हे त्याच्या इंग्रजी अक्षरांवरून आज कळत नाही.