तासन्‌तास वाकून काम : मणक्यातली गादी का झिजते?

जूचंद्र (ता. वसई) : रांगोळी कलाकारांचं गाव म्हणून जूचंद्रची ओळख. एक चित्र पुरं करायला कलाकार तासन्‌तास जमिनीवर वाकून बसतात. भातलावणीतही तेच. कंबरदुखीची कारणं अनेक असतात. त्यातलं एक मोठं कारण म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीची झीज.

मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या नसतात. तिथल्या पेशींना साखर आणि प्राणवायू शेजारच्या हाडातून झिरपून मिळतो. साखरेपासून ऊर्जा बनवताना तयार होणारं लॅक्टिक आम्लही झिरपूनच बाहेर पडतं.

दाब सतत राहिला की गादीतलं पाणी पिळून निघतं आणि झिरपणं मंदावतं. साखर कमी पडते, आम्ल साचतं. पाणी धरून ठेवणारे पदार्थ मग पेशी कमी बनवतात. रात्री आडवं झाल्यावर पाणी परत शिरतं. म्हणूनच सकाळी उंची थोडी जास्त भरते.

१९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी एका व्यक्तीच्या गादीतला दाब मोजला. उभं असताना ०.५, पुढे वाकल्यावर १.१ आणि पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३ मेगापास्कल.

पण नुसतं पडून राहणंही बरं नाही. चालताना कमी-जास्त होणारा दाब पेशींना मानवतो. म्हणून वाकून काम करताना अर्ध्या तासाने उठा, चार पावलं चाला. ओझं गुडघ्यात वाकून, अंगाजवळ धरून उचला. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर लगेच रुग्णालय गाठा.