वायरचा हेडफोन घेतांना काय बघाल? गेम, गाणी आणि कानाची काळजी

जळगाव/धुळे : ब्लूटूथ बड्सच्या जाहिराती कितीही असल्या तरी खेड्यापाड्यात वायरचा हेडफोन अजून चालतोच. त्याला चार्जिंग लागत नाही, एका कानातला बड वावरात पडून हरवत नाही आणि गेम खेळणारी पोरं तर वायरच मागतात. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून आठवडे बाजारातल्या हातगाडीपर्यंत शंभर रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंतचा माल मिळतो. बऱ्याच डब्यांवर ‘एक्स्ट्रा बास’ नाहीतर ‘गेमिंग’ छापलेलं असतं. त्या छपाईवर न जाता कानात घालून तपासलं, तर तीन-चारशे रुपयांतही चांगला हेडफोन मिळू शकतो.

गेमला वायरच का?

ब्लूटूथमध्ये मोबाइल आधी आवाज दाबून बारीक करतो, मग हवेतून पाठवतो आणि बड तो परत उलगडतो. या कामात साध्या बड्सवर सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा सहज जातो. गाणं ऐकतांना हा उशीर कळत नाही. व्हिडिओ बघतांना ॲप चित्र थोडं थांबवून आवाजाशी जुळवून घेतं. गेममध्ये मात्र तसं जमत नाही, कारण गोळीचा आवाज त्याच क्षणी तयार होतो. बड्सचा ‘गेमिंग मोड’ हा उशीर कमी करतो, पण पूर्ण घालवत नाही. वायरमधून आवाज विजेच्या रूपात थेट जातो, म्हणून हेडफोनकडून उशीर होतच नाही म्हटलं तरी चालेल.

बास जास्त म्हणजे आवाज चांगला, असं नाही

बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्समध्ये सगळ्यात कामाचा आवाज पावलांचा. शत्रू डावीकडून येतोय की उजवीकडून, जवळ आहे की लांब, हे त्यावरूनच कळतं. बास फार वाढवलेल्या हेडफोनमध्ये स्फोट आणि गाडीचा घुमारा इतका मोठा होतो की पावलं त्याखाली दबून जातात.

गाण्याचंही तेच. लग्नात वाजणारी अहिराणी डीजे गाणी जास्त बासवर जोरदार वाटतात. पण भजन, कानबाईची गाणी किंवा जुनी मराठी गाणी त्याच हेडफोनवर गोधडीआडून आल्यासारखी वाटतात. ज्यात गायकाचा शब्द स्वच्छ कळतो आणि ढोलकीची थापही भरीव लागते, तो हेडफोन दोन्ही कामांना चालतो.

पिन आधी बघा

जुनी गोल पिन ३.५ मिलिमीटरची असते. तिच्यावर तीन पट्टे असतील तर हेडफोन माईकवाला, दोन असतील तर बिनमाईकचा. गेममध्ये टीमशी बोलायचं असेल किंवा फोन घ्यायचा असेल तर तीन पट्ट्यांचीच पिन घ्या.

बऱ्याच नव्या मोबाइलला गोल भोक नसतं, फक्त टाइप-सी असतं. इथं अनेकांची फसगत होते. टाइप-सी हेडफोन आणि कनेक्टर दोन प्रकारचे असतात. एकात आवाज तयार करणारी छोटी चिप असते, तिला ‘डॅक’ म्हणतात. दुसऱ्यात नुसत्या तारा असतात. तारांवाला काही मोबाइलवर चालतो, काहींवर अजिबात चालत नाही. म्हणून दुकानदाराला ‘डॅकवाला आहे का?’ असं विचारा आणि स्वतःच्या मोबाइलला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

डब्यावरचे आकडे

‘ड्रायव्हर १० एमएम’ म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरची रुंदी. तो मोठा असला म्हणजे आवाज चांगलाच येईल असं नाही. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ ही माणसाच्या ऐकण्याची साधारण मर्यादा आहे. ती बहुतेक डब्यांवर छापलेली असते, त्यावरून भलंबुरं ठरत नाही. ‘ओहम’चा आकडा मात्र बघा. १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन मोबाइलवर सहज वाजतो. स्टुडिओतले मोठ्या ओहमचे हेडफोन मोबाइलवर बारीक वाजतात.

दुकानात पाच मिनिटांची तपासणी

१. डब्यात लहान, मध्यम, मोठे असे रबराचे बड आहेत का बघा. आपल्या कानात नीट बसणारा लावा. रबर सैल बसलं तर चांगल्या हेडफोनचाही बास गायब होतो. दोन्ही कानांना वेगळा साइजही लागू शकतो.

२. ‘एल’ डाव्या कानात, ‘आर’ उजव्या कानात घाला. यूट्यूबवर ‘लेफ्ट राइट टेस्ट’ लावून दोन्ही बाजू तपासा. दोन्हीकडे एकच आवाज आला तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू आहे का बघा. तो चालू असला तर गेममध्ये दिशा कळतच नाही.

३. आपल्या रोजच्या ऐकण्यातलं एक गाणं निम्म्या आवाजावर लावा. अनोळखी गाण्यावर फरक कळत नाही.

४. गाणं चालू ठेवून पिनाजवळची आणि दोन वायरी एकत्र येतात तिथली वायर हलकी हलवा. खरखर आली किंवा आवाज तुटला तर तो हेडफोन परत ठेवा.

५. एखाद्याला फोन लावून माईक तपासा. माईक शर्टाला घासतो का, हेही बघा.

मोबाइल आडवा धरून खेळणाऱ्यांनी ‘एल’ आकाराची वाकडी पिन घ्यावी. सरळ पिन तळहाताला टोचते आणि लवकर तुटते.

किती पैसे घालावेत?

हातगाडीवरचा शंभर रुपयांचा हेडफोन फोनवर बोलण्यापुरता ठीक. साधारण तीनशे ते सातशे रुपयांत बोट, जेबीएल, रियलमी अशा कंपन्यांचा वॉरंटीवाला माल मिळतो, घरात गाणी आणि गेम दोन्हीला तो पुरतो. हजाराच्या पुढे केझेडसारख्या कंपन्यांचे वायर काढता येणारे हेडफोन येतात. त्यांची वायर तुटली तर फक्त वायर बदलायची, पूर्ण हेडफोन फेकावा लागत नाही. रोज वापरणाऱ्याला तो महाग पडत नाही.

पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा. दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता वॉरंटीला दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.

टिकवायचा असेल तर

वायर मोबाइलला गच्च गुंडाळू नका, सैल वेटोळं करा. काढतांना वायर न ओढता पिन धरून काढा. एका बाजूचा आवाज बारीक झाला तर जाळीत मळ अडकला असू शकतो. रबर काढून कोरड्या, मऊ ब्रशने जाळी साफ करा, पाणी लावू नका.

हेडफोन बदलता येतो, कान नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत चालतो, पण ९० डेसिबलला ही मर्यादा फक्त ४ तासांवर येते. मोबाइलचा आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवा, असा या संघटनेचा सल्ला आहे. ट्रॅक्टर किंवा एसटीच्या आवाजावर मात करायला गाणं वाढवणं सगळ्यात घातक. कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल किंवा समोरच्याला सारखं ‘काय?’ विचारावं लागत असेल, तर हेडफोन बाजूला ठेवून कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. मोठ्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही.

मोबाइल चार्जिंगला लावलेला असतांना वायरचा हेडफोन कानात घालू नका. चार्जर खराब असला तर वीज थेट कानापर्यंत येऊ शकते. गाडी चालवतांना, रेल्वे रूळ ओलांडतांना आणि रात्री पिकाला पाणी द्यायला जातांना कान मोकळेच हवेत. मागून येणारं वाहन, गाडीचा भोंगा आणि पाचोळ्यातली सळसळ कानाला ऐकू आली, तरच माणूस सावध होतो.