रिख्टोफेनचें पहिलें एकट्याचें उड्डाण

पहिल्या महायुद्धांत शत्रूचीं ८० विमानें पाडणारा जर्मन वैमानिक मान्फ्रेड फॉन रिख्टोफेन यानें ता. १० ऑक्टोबर १९१५ रोजीं प्रथमच एकट्यानें विमान हांकलें व उतरतांना तें मोडलें. या प्रसंगास मुख्य आधार त्याच्या १९१७ सालच्या आत्मवृत्ताचा. गेओर्ग त्सॉयमर या शिक्षकाबरोबर त्याचीं २५ उड्डाणें झालीं होतीं. एकट्यानें जाण्याची आज्ञा होतांच मनांत भीति दाटली, परंतु तो शब्द सैनिकाच्या तोंडीं शोभत नाहीं म्हणून गिळला, असें तो लिहितो. चढणें व वळणें साधलें. भूमीजवळ मात्र यंत्र अपेक्षेप्रमाणें वागेना. हातांच्या हालचाली केवळ पाठ होत्या. तोल जाऊन विमान नाकावर उभें राहिलें. (अर्थावांचून घोकलेल्या शब्दरूपांची हीच गत मीं वर्गांत पुष्कळ पाहिली आहे.)

ही साक्ष कितपत ग्राह्य? ग्रंथ युद्धकाळीं लष्करी प्रसिद्धिखात्याच्या देखरेखीखालीं सिद्ध झाला. आपल्या कित्येक बखरींप्रमाणें त्यावरहि आश्रयदात्याची छाया आहे. स्वतःचा दोष सांगणारा साक्षीदार सामान्यतः खरा मानतात. येथें तो नियम लंगडा पडतो, कारण कीर्ति लाभल्यावर आरंभींची फजिती भूषणच ठरते. तथापि अपघात खोटा मानण्यास मला कारण दिसत नाहीं. शंका येते ती, दोनच दिवसांनीं सर्व कांहीं साधलें, या पुढील विधानाची. कारण पहिल्या परीक्षेंत आपण नापास झालों हें तोच पुढें सांगतो, आणि तिसरी परीक्षा तो उतरला ती १९१५ च्या नाताळच्या दिवशीं.